महालक्ष्म्यांच्या मखरासाठी न कोमेजणारी फुलं: नागपुरात लावायची, कापायची आणि वाळवायची कशी

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. भाद्रपदात नागपुरात फुलांची काय हालत असते ते इथल्या कोणालाही सांगायची गरज नाही, भाव चढलेले, पावसाने भिजलेली शेवंती, आणि पहिल्या दिवशी लावलेली माळ दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत काळी पडायला लागते. मग लोक प्लास्टिकच्या फुलांकडे वळतात. मला ते कधीच आवडलं नाही, आणि सासूबाईंना त्याहून नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही घरामागच्या जागेत स्ट्रॉफ्लॉवर लावून पाहिले, आणि आता आमच्या मखरातली निम्मी फुलं घरची असतात, फेब्रुवारीत कापलेली, भाद्रपदात लावलेली, रंग जसाच्या तसा. शेजारच्या तीन-चार जणींनी पद्धत विचारली, प्रत्येकीला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं. स्ट्रॉफ्लॉवरच्या ज्या रंगीत, कडक, हातात धरल्या की कुरकुरणाऱ्या पाकळ्या दिसतात ना, त्या खरं म्हणजे पाकळ्याच नाहीत. ती फुलाखालची पानं आहेत, छदं म्हणतात त्यांना, आणि खरी फुलं म्हणजे मधली ती बारीक पिवळी गोलाई. ही छदं झाडावर असतानाच जवळजवळ कोरडी असतात, त्यात पाणी नसतंच, मग सुकून आकसणार काय? त्यामुळे रंगही टिकतो आणि आकारही. स्टॅटिसचंही तसंच, रंगीत कागदी भाग म्हणजे फुलाचा बाहेरचा पेला, आणि आतलं छोटं पांढरं असतं ते फूल.

कोणती फुलं घ्यायची

नागपूरसाठी मी चार सांगीन. थंडीत स्ट्रॉफ्लॉवर आणि स्टॅटिस, पावसाळ्यात बटन फूल आणि कोंबडा. स्ट्रॉफ्लॉवर मूळचं ऑस्ट्रेलियाचं, स्टॅटिस भूमध्य समुद्राकडचं, त्यामुळे दोघांनाही आपला हिवाळा मानवतो पण चिखल अजिबात नाही. बटन फूल म्हणजे गोम्फ्रेना, ते आणि कोंबडा दोन्ही उष्ण प्रदेशातले, उन्हाला आणि दमट हवेला घाबरत नाहीत, आणि दोघांच्या लाल-जांभळ्या रंगात बीटात असतो त्याच जातीचा रंग असतो, वाळल्यावरही तो चांगला टिकतो.

नर्सरीत जाऊन 'कागदी फूल द्या' म्हणाल तर बोगनवेल हातात ठेवतील, कारण आपल्याकडे तिलाही कागदी फूलच म्हणतात. तिचीही रंगीत पानं कोरडी होतात पण ती देठाला धरून राहत नाहीत, गळतात. तेव्हा नाव घेऊन मागा, हेलिक्रायसम म्हटलं तरी नर्सरीवाल्याला कळतं, पाकिटावर बहुतेक तेच जुनं नाव असतं. उंच जात घ्यायची, दीड-दोन फुटांच्या बुटक्या जाती कुंडीत छान दिसतात पण कापायला दांडा मिळत नाही. कापणीसाठी अडीच-तीन फूट उंच होणारी पाहिजे.

आणि ज्यांचं गावाकडे वावर आहे त्यांनी दोन गोष्टी फुकट घेऊन याव्या, जवसाची वाळलेली बोंडं आणि कपाशीची फुटलेली बोंडं देठासकट. गुच्छात फुलांच्या मधे ही टाकली की गुच्छ भरून येतो. पावसाळा संपता संपता बांधावर कुरडू दिसतो, खाली रुपेरी वर गुलाबी तुरे, तो कोंबड्याचाच भाऊ आहे आणि तोही उलटा टांगला की मस्त वाळतो.

माती

हा भाग मी थोडा लांबवणार आहे कारण आपल्याकडे निम्मं नुकसान इथेच होतं. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात लोण्यासारखी आणि उन्हात भेगाळते, आणि स्ट्रॉफ्लॉवरच्या मुळांना दोन्ही चालत नाही. पहिल्या वर्षी मी सरळ जमिनीत रोपं लावली, ऑक्टोबरच्या शेवटी एक जोरदार सर आली आणि आठवड्याभरात चाळीसपैकी तेवीस रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली. तेव्हापासून गादीवाफा केल्याशिवाय मी एकही रोप लावत नाही.

वाफा एक फूट उंच, तीन-साडेतीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो. माती दोन भाग, जाड रेती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग. रेती कन्हान नदीची जाड मिळाली तर उत्तम, प्लास्टरची बारीक रेती घेऊ नका, ती काळ्या मातीत मिसळली की अजूनच घट्ट होते. बांधकामाचा चुना-सिमेंट पडलेली माती तर मुळीच नको. शेणखत कच्चं असेल तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते, तेव्हा काळं, मोकळं, वास नसलेलं खतच घ्या.

काळ्या मातीत अजून एक भानगड असते, ती अल्कधर्मी, चुनखडीची. त्यात लोह असलं तरी झाडाला घेता येत नाही, आणि स्ट्रॉफ्लॉवर याला फार हळवं आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की समजायचं लोह कमी पडतंय. अशा वेळी युरिया टाकू नका, चिलेटेड लोह एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम घालून संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. नवीन पानं हिरवी येतात, जुनी पिवळीच राहतात, घाबरायचं नाही. स्टॅटिसला हा त्रास फारसा होत नाही, खारट मातीतही ते तग धरतं.

युरियाचा मोह टाळाच. झाड हिरवंगार, गुबगुबीत होतं, दांडा पोकळ आणि लुळा होतो, वाळताना मान मोडते. वाफा करताना घातलेलं शेणखत, आणि कळ्या दिसायला लागल्या की मूठभर लाकडाची राख वाफ्यावर भुरभुरायची असं काही जण सांगतात, पण आपल्या काळ्या मातीत राख नकोच, ती माती अजून अल्कधर्मी करते. त्याऐवजी गांडूळ खत एक-एक ओंजळ द्या.

कुंडीत लावणार असाल तर बारा इंची कुंडीत एकच रोप, फार तर दोन, आणि खालची भोकं खरंच मोकळी आहेत ना ते बघा.

बी टाकणं

स्ट्रॉफ्लॉवर आणि स्टॅटिसचं बी साधारण 20 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर या काळात टाकायचं. गणपती गेले, नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे ट्रे निघतात. त्याआधी टाकलं तर दमट हवेत रोपं कोलमडतात, आणि नोव्हेंबरात टाकलं तर झाड मोठं होईपर्यंत फेब्रुवारी संपतो, मार्चमध्ये ऊन तापायला लागतं आणि फुलं बारीक येतात.

स्ट्रॉफ्लॉवरचं बी अगदी बारीक, एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर भरतं, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. म्हणून ते पुरायचं नाही. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळ खत निम्मं-निम्मं भरून ओलं करा, बी कोरड्या रेतीत मिसळून चिमटीने वर भुरभुरा आणि हाताने हलकं दाबा, बस. पाणी वरून ओतलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं, ट्रे परातीत ठेवून खालून पाणी पिऊ द्या, वर बारीक फवारा मारा. सात-दहा दिवसांत उगवतं. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन कडक असतं, तेव्हा ट्रे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशा जागी, मी तुळशीवृंदावनाच्या पूर्वेला ठेवते.

स्टॅटिसचं बी थोडं मोठं, त्यावर पाव सेंटीमीटर माती भुरभुरवा. कधी कधी पाकिटात बी सुटं नसतं, वाळलेल्या फुलाचा चोथाच असतो आणि त्यात बी लपलेलं असतं, कचरा समजून फेकू नका, तसाच हाताने चुरडून पेरा.

बटन फूल आणि कोंबड्याचं बी जूनच्या शेवटी, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की. बटन फुलाच्या बियांवर कापसासारखी लव असते, रात्रभर पाण्यात भिजवून मग टाकली की लवकर उगवते. कोंबड्याला तर काही करावंच लागत नाही, एकदा लावला की पुढच्या वर्षी आपोआप उगवतो.

लावणी आणि निगा

रोपाला चार-पाच खरी पानं आली की, म्हणजे पाचेक आठवड्यांत, दिवाळीच्या मागेपुढे, वाफ्यावर लावा. दोन रोपांत एक फूट अंतर. दाट लावल्याने दांडे सरळ येतात हे खरं, पण नऊ इंचांच्या खाली जाऊ नका, हवा खेळली नाही की भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, येते. संध्याकाळी लावायचं आणि लगेच पाणी.

रोप पाऊणएक वीत झालं की शेंडा खुडा. मन होत नाही, मला माहीत आहे, पण शेंडा ठेवला तर वर एकच मोठं फूल येतं आणि खुडला तर सहा-आठ दांडे फुटतात, आणि आपल्याला दांडेच पाहिजेत. स्टॅटिसचा शेंडा मात्र खुडायचा नाही, त्याची पानं जमिनीला चिकटून चक्रासारखी पसरतात आणि मधून दांडा वर येतो. त्या झाडाला फुलण्यासाठी थंडीच लागते, काही आठवडे रात्री गार मिळाल्या तरच दांडे निघतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो, तेवढं त्याला पुरतं. म्हणूनच रोप थंडीच्या आधी पाच-सहा पानांचं झालेलं असलं पाहिजे, उशीर केला तर नुसती पानंच बघत बसावं लागतं.

पाणी थंडीत तीन-चार दिवसांतून एकदा, बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर देऊ नका. मुळाशीच द्या, फुलांवर नको. मावा आला तर निंबोळी तेल 5 मिली, थोडा साबण, एक लिटर पाणी, हे संध्याकाळी, पण कळ्या उमलायला लागल्यावर फुलांवर मारू नका, तेलाचे डाग वाळल्यावरही दिसतात.

दांड्यांना आधार हवा. वाफ्याच्या चार कोपऱ्यांवर बांबू आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर सुतळीची आडवी-उभी जाळी, झाडं त्यातून वर येतात. हे जानेवारीच्या आत करून ठेवा, कारण विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस, कधी गारपीटही होते आणि नेमकी तीच आपली फुलं तयार व्हायची वेळ. पावसाचा अंदाज असला की मी आदल्या दिवशी सकाळी तयार असलेलं सगळं कापून घेते, थोडं लहान असलं तरी.

कापायची नेमकी वेळ

सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, बाकी कशात चूक झाली तर फुलं कमी मिळतील, इथे चूक झाली तर मिळालेली वाया जातील.

स्ट्रॉफ्लॉवर पूर्ण उमललं की सुंदर दिसतं आणि हात लगेच कात्रीकडे जातो. तेव्हा उशीर झालेला असतो. कापल्यावरही ते वाळताना उमलतच राहतं. पूर्ण उमललेलं कापलं तर वाळेपर्यंत छदं मागे उलटतात, मधली पिवळी गोलाई तपकिरी होते, म्हातारीच्या कापसासारखी उडायला लागते आणि घरभर होते. कळी हातात घेऊन जवळून बघा, कवेलूंसारखी एकावर एक रचलेली छदं दिसतील, बाहेरच्या दोन-तीन ओळी सुटून बाहेर वळल्या आहेत आणि मधला भाग अजून घट्ट मिटलेला आहे, पिवळं दिसतच नाही, हीच वेळ. एका झाडावर सगळ्या कळ्या एकदम तयार होत नाहीत, म्हणून जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत एक दिवसाआड सकाळी फेरी मारायची.

सकाळी म्हणजे दव वाळल्यावर, दहा-साडेदहाला. भल्या पहाटे बघाल तर सगळी फुलं मिटलेली दिसतील, कारण ही छदं दमट हवेत मिटतात आणि कोरड्या हवेत उघडतात, जिवंतपणाशी त्याचा संबंध नाही. घरच्या मुलांना दाखवा, वाळलेलं, उघडलेलं एक फूल ओल्या फडक्यावर ठेवून वर वाटी पालथी घाला, थोड्या वेळाने मिटलेलं सापडेल, उन्हात ठेवलं की परत उघडेल. कितीही वेळा करा. पाऊस झाला असेल तर दोन दिवस थांबून कापा.

बाकीच्यांचे नियम वेगळे आहेत. स्टॅटिस लवकर कापायचं नाही, तुऱ्यातली चारपैकी तीन भाग फुलं उघडलेली पाहिजेत, न उघडलेली नंतर उघडत नाहीत आणि शेंडे लोंबतात. बटन फूल पूर्ण गोल, पूर्ण रंगलेलं आणि हाताला घट्ट लागलं पाहिजे, पण खालून लांबट होऊन पांढरट दिसायला लागायच्या आत. दांडा मधोमध धरून हलवून बघा, मान डुलली तर अजून थांबा. कोंबडा मोठा, मखमली झाला की कापा, हात फिरवल्यावर काळं बी गळायला लागलं तर उशीर झाला, लगेच कापा आणि खाली कागद धरा. बटन फूल आणि कोंबडा मी मुद्दाम ऑक्टोबरपर्यंत झाडावर ठेवते, पाऊस थांबून हवा कोरडी झाल्यावरची कापणी सगळ्यात चांगली वाळते.

तार घालणं

स्ट्रॉफ्लॉवरचा दांडा वाळला की फुलाचं वजन पेलत नाही, मान खाली जाते. म्हणून माळ किंवा मखरासाठी फुलाखाली एक सेंटीमीटर दांडा ठेवून कापा आणि ताजं असतानाच खालून तार घाला. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती लोखंडी बाइंडिंग वायर, 20 गेजची, वीतभर तुकडे. दांड्यातून सरळ वर, फुलाच्या अर्ध्यापर्यंत, वर टोक दिसता कामा नये. फूल वाळताना आकसतं, आतल्या ओलाव्याने तार किंचित गंजते आणि अशी पकड बसते की ओढली तरी निघत नाही. वाळल्यावर घालायला गेलात तर फूल फुटतं. तार घातलेली फुलं रेती भरलेल्या डब्यात उभी खोचून ठेवते मी, एकमेकांना न लागता.

वाळवणं

लांब दांड्याची फुलं असतील तर खालची पानं पूर्ण काढा, आठ-दहा दांड्यांची जुडी, फुलं खालीवर करून, म्हणजे डोकी एकमेकांवर दबत नाहीत. रबर बँडनेच बांधा. सुतळीने बांधलं तर दांडे वाळून बारीक होतात आणि एकेक करून खाली पडतात. जुडी उलटी टांगायची, अंधाऱ्या, कोरड्या, वारा असलेल्या जागी. उन्हात वाळवायचं नाही, पापड-कुरडया नाहीत या, उन्हाने रंग उडतो. आमच्याकडे जिन्याखालच्या खोलीत दोन भिंतींना दोरी बांधली आहे, फेब्रुवारीत दहा-बारा दिवस लागतात, मार्चअखेर आठवडाभर. टिनाच्या शेडखाली मार्चपर्यंत ठीक, त्यानंतर इतकं तापतं की लाल रंग करपल्यासारखा होतो.

कूलरच्या खोलीत जुड्या कधीही ठेवू नका. मी ठेवल्या होत्या. बेडरूमच्या कोपऱ्यात छान टांगून दिल्या, एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला, ओल्या ताट्यांमधून येणारी हवा रात्रभर त्यांच्यावर, आणि पंधरा दिवसांनी सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही फुलं मिटून का बसली सगळी, आणि वास कसला येतोय?" देठांवर काळी बुरशी होती. दोन महिन्यांची मेहनत गेली, त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

वाळलं की नाही हे दांडा मोडून बघा, कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर अजून चार दिवस. फुलाच्या अगदी खालची मान सगळ्यात शेवटी वाळते, तिथे नखाने दाबून बघा.

पावसाळ्यातून पार नेणं

आपल्याकडे वाळवणं सोपं, टिकवणं अवघड. जूनपासून हवा दमट होते आणि फुलं ते पाणी ओढून घेतात. मला यावर जे सापडलं ते असं की डबे नवतप्यात बंद करायचे. 25 मेच्या सुमाराला नवतपा लागतो, पारा 45 च्या आसपास, हवा एकदम कोरडी, त्या दिवसांत फुलांत जेवढा कमी ओलावा असतो तेवढा नंतर कधीच नसतो. तोपर्यंत फुलं वर्तमानपत्राच्या थरांत, पुठ्ठ्याच्या खोक्यात राहू द्या. मग एका दुपारी, सकाळी नाही, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर कागद, मग फुलं. झाकणाच्या कडेला चिकटपट्टी. मृग लागायच्या आत हे उरकलंच पाहिजे. अवकाळी सर येऊन गेली असेल तर दोन दिवस कोरडे जाऊ द्या, मगच भरा.

कसर आणि झुरळं यांच्यासाठी वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला, पण पूर्ण वाळलेला, नाहीतर तोच ओलावा सोडतो. जुलैत एकदा, पाऊस उघडलेल्या दुपारी, डबा उघडून सिलिका बघा. रंग बदलणारे दाणे असतील आणि बदलले असतील तर पुडीतून ताटात काढून ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दीड-दोन तास तापवा, थंड करून परत पुडीत भरा. ते ताट स्वयंपाकात वापरायचं नाही. बटन फूल आणि कोंबडा ऑक्टोबरात कापलेले असतात, त्यांनाही नवतप्यात याच डब्यांत जागा.

मखरात लावताना

महालक्ष्म्यांच्या आदल्या संध्याकाळी सगळं काढून ठेवू नका, स्थापनेच्या दिवशी सकाळी काढा. भाद्रपदातल्या हवेत स्ट्रॉफ्लॉवर दोन-तीन तासांत अर्धवट मिटायला लागतात. त्यावर एक उपाय, मे महिन्यातच, पूर्ण उघडलेली असताना, हातभर लांबून पारदर्शक लॅकर स्प्रेचा एक हलका हात मारून ठेवायचा, मोकळ्या हवेत, नाकाला रुमाल बांधून. मिटणं पूर्ण थांबत नाही पण खूप कमी होतं. स्टॅटिस, बटन फूल, कोंबडा यांना हा त्रासच नाही, म्हणून मी समोरच्या बाजूला ती आणि वर कमानीला, जिथे पंख्याची हवा लागते, तिथे स्ट्रॉफ्लॉवर लावते.

आणि समई, निरांजन यांच्यापासून सगळी वाळलेली फुलं चांगली दीड-दोन हात लांब. ती कागदासारखी पेटतात, हे आरतीला ताट फिरवणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा. विसर्जनाच्या संध्याकाळी फुलं उतरवली की ब्रशने कुंकू-अक्षता झाडून त्याच रात्री डब्यात, ताज्या सिलिकासकट. आमच्याकडची काही पिवळी फुलं अशी तीन भाद्रपद झाले तरी चालू आहेत, लाल जरा गडद झालीत. यंदा त्यांच्या शेजारी नवीन पांढरी लावायची आहेत, त्यांचं बी आणून ठेवलंय.